साठ पावल्यांचा सौदा

सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये आठ मित्रांचा पोकर रंगतो. ब्लाइंड, म्हणजे दर डावाआधी दोघांनी लावायचीच ती रक्कम, २५ आणि ५० सेंट, प्रत्येकाने ५० डॉलर घेऊन बसायचं. तीन वर्षांपूर्वी मी नेवाडातल्या एका बंद पडलेल्या छोट्या कॅसिनोच्या खऱ्या क्ले चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, जमवायला लागलो. आज १ डॉलरच्या २००, ५ डॉलरच्या २०० आणि २५ डॉलरच्या १०० चिप्स आहेत. गाडी अडली आहे २५ सेंटवर. दोन वर्षं शोधतोय, तोवर बरणीतली क्वार्टरची, म्हणजे २५ सेंटची, नाणी वापरतो. गेल्या आठवड्यात एका विक्रेत्याकडे त्याच कॅसिनोच्या २५ सेंटच्या ६० चिप्स निघाल्या. एकीला ६ डॉलर, आणि लॉट फोडणार नाही म्हणतो. घेऊ का? ५० सेंटच्याही शोधायला हव्यात का?

(त्याच मेलच्या शेवटी, वेगळ्या रंगात:) मी यांची बायको. ३६० डॉलर देऊन १५ डॉलर विकत घेणाऱ्या माणसाच्या हातात घराचा हिशेब ठेवावा का, तेवढं सांगा. आणि ती क्वार्टरची बरणी माझी आहे.

—

नमस्कार. आधी वहिनींना उत्तर देते, कारण त्यांचा प्रश्न जास्त नेमका आहे.

वहिनी, तुमचा हिशेब चुकलाय, पण तुम्हाला वाटतं त्याच्या उलट बाजूला. ते १५ डॉलरसुद्धा मिळणार नाहीत. कॅसिनो बंद पडलं आणि चिपा बदलून द्यायची मुदत उलटली, की चिपेवरचा २५ हा नुसता आकडा उरतो. म्हणजे ३६० डॉलर देऊन तुमचे हे शून्य डॉलर विकत घेताहेत. पण जुना पितळी डबा घेताना आत डाळ किती मावते यावर आपण भाव करत नाही ना, तसंच हे आहे. छंदाला किंमत असते. ती घरात उघड सांगितलेली असावी, एवढीच माझी अट. तुमच्या यजमानांनी ६ डॉलर हा आकडा तुमच्यापासून लपवला नाही, याचे गुण त्यांना द्या. आमच्या घरात अशा पाकिटांवरची किंमत बरीच वर्षं खोडून यायची, आणि खोडणारी मीच होते.

आता तुम्ही. घेऊ नका.

६ डॉलर फार झाले म्हणून नको म्हणत नाही. ६० चिपा तुम्हाला पुरणार नाहीत, म्हणून म्हणते. कागद घ्या. आमच्या टेबलावर २५ सेंटच्या चिपेला पावली म्हणतात, मी पुढेही तेच म्हणेन. चार पावल्यांचा एक डॉलर. प्रत्येकाला सुरुवातीला द्यायच्या पावल्या चारच्या पटीत नसतील, तर ५० डॉलरचा मेळ बसत नाही आणि वाटणारा पहिल्याच डावाआधी घामाघूम होतो. म्हणजे माणशी ४, ८ किंवा १२. आठ जणांना आठ-आठ म्हटलं तर ६४ लागतात. तुमच्या सौद्यात ६०. दोन वर्षं शोधून आणि ३६० डॉलर मोजूनही चार पावल्या कमीच पडणार, आणि एका मित्राला नाणी देऊन बसवावं लागणार.

चार-चार देऊन भागेल असं म्हणाल, तर तेही आम्ही करून पाहिलंय. सुरुवातीचा तासभर बरं चालतं. नंतर ज्याला दोन-तीन मोठे डाव लागतात त्याच्यापुढे सगळ्या पावल्या साचतात, आणि बाकीचे दर डावाला 'सुटे आहेत का, सुटे?' करत बसतात. एसटीच्या कंडक्टरसारखं. उलट वीस-वीस दिल्या की पॉटमध्ये, म्हणजे टेबलाच्या मधोमध लावलेल्या रकमेत, तीस-तीस पावल्यांचा ढीग होतो आणि जिंकणाऱ्यापेक्षा मोजणारा जास्त दमतो. आमच्याकडे शेवटी जे टिकलं ते असं: प्रत्येकाला १२ पावल्या, १ डॉलरच्या १२ आणि ५ डॉलरच्या ७. म्हणजे ३ अधिक १२ अधिक ३५, झाले ५०. आठ जणांना पावल्या लागल्या ९६. एका रॅकमध्ये, म्हणजे चिपांच्या ट्रेमध्ये, १०० मावतात, चार हाताशी उरतात.

हेच गणित तुमच्या संग्रहाला लावून बघा. ५ डॉलरच्या ५६ लागणार, तुमच्याकडे २००. २५ डॉलरच्या १०० म्हणजे एकट्या त्यांचेच २५०० डॉलर, आणि तुमच्या टेबलावर सगळ्यांचे मिळून सुरुवातीला ४०० असतात. तुमच्या घराला कळस चढलाय, जोत्याचे दगड अजून यायचेत. बहुतेक जण असेच जमवतात, मीही तसंच केलं. हिरव्या-काळ्या चिपा दिसायला देखण्या असतात, विकायला भरपूर येतात आणि पहिल्या पगाराच्या उत्साहात घेतल्या जातात. पण छोट्या घरगुती खेळात रात्रभर बोटांत फिरते ती पावली. स्मॉल ब्लाइंड एक पावली, बिग ब्लाइंड दोन, प्रत्येक डावाला. २५ डॉलरची चिप रात्री साडेअकराला एकदा दिसते, आणि तीही बहुधा हरणाऱ्याच्या हातातून जाताना.

५० सेंटच्या शोधायच्या का? नाही. दोन पावल्यांनी ते काम होतं. अधेली आली की चिपांचा आणखी एक रंग, आणखी एक रास, आणि 'ही कितीची?' हा आणखी एक प्रश्न येतो. घरच्या टेबलावर एका वेळी तीन किमती उत्तम, चार म्हणजे हद्द.

आता या पावल्या इतक्या दुर्मिळ का, हे समजलं तर तुमची दोन वर्षांची चिडचिड थोडी निवळेल. लोकांनी त्या जपून ठेवल्यात असं नाही, मुळात बनल्याच कमी. नेवाडाच्या टेबलांवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एक डॉलर म्हणजे चांदीचं खरं नाणंच असायचं. १९६४ मध्ये अमेरिकी ट्रेझरीने चांदीचे डॉलर देणं थांबवलं, त्यानंतर कॅसिनोंनी स्वतःची धातूची टोकनं पाडून घेतली आणि एक डॉलरच्या चिपाही वाढल्या. त्याखालची रक्कम मात्र नाण्यांवर सहज भागत होती. अर्ध्या डॉलरची गरज पडायची ती मुख्यतः ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाला, कारण तिथे पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, की दोनाला तीन असा भाव. विषम डॉलर लावले की देण्यात पन्नास सेंट येणारच. त्यासाठी कित्येक ठिकाणी सरळ केनेडीच्या तोंडवळ्याची अर्ध्या डॉलरची नाणी ड्रॉवरमध्ये असत. आपल्या न्यू जर्सीतल्या कॅसिनोंच्या गावी, अटलांटिक सिटीत, अडीच डॉलरची गुलाबी चिप आहे, तीही याच हिशेबातून आलेली: ५ डॉलर लावले, ब्लॅकजॅक लागला, साडेसात द्यायचे. पाव डॉलरची खरी चिप लागायची ती लहान गावांतल्या लहान जागांना, जिथे क्रॅप्स या फाशांच्या खेळाच्या टेबलावर चार आणे लावून तासभर उभं राहता यायचं. अशा जागा काही रॅक मागवत आणि तेच वर्षानुवर्षं वापरत. त्यातल्या काही खिशातून घरी गेल्या आणि उरलेल्या झिजल्या.

त्यात तुमच्यासारख्यांना हवा असतो तो छापा म्हणजे कडेवर उंच टोपी आणि काठी. तो पॉलसनचा. पॉल एंडी या गृहस्थांनी १९६३ मध्ये लास व्हेगासला सुरू केलेली ही कंपनी २००२ मध्ये फ्रान्सच्या बूर्गोन्य ए ग्रासे आणि लास व्हेगासच्याच बड जोन्स या कंपन्यांबरोबर एक झाली. त्यांच्या क्ले चिपा मेक्सिकोतल्या कारखान्यात बनत आल्या, आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे परवाना असलेली कॅसिनो. तुमच्या-माझ्यासारख्याने फोन करून 'आठ जणांचा सेट द्या हो' म्हटलं तर मिळत नाही. बाजारात येतं ते कॅसिनोंनी सोडलेलं. बंद पडणाऱ्या कॅसिनोच्या चिपांची विल्हेवाटही नियामकांच्या देखरेखीखाली लागते, बऱ्याचदा त्या भोकं पाडून किंवा चुरा करून संपवतात. जे वाचतं तेच तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणून त्या विक्रेत्याला लुटारू म्हणू नका. त्याच्या मालाला तो भाव आहे. तो तुमचा माल नाही, इतकंच.

मग तुमचा माल कोणता? रूलेटच्या चिपा.

रूलेट म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावरचा जुगार. त्याच्या टेबलावर प्रत्येक खेळणाऱ्याला वेगळा रंग देतात, कारण अनेक जण एकाच आकड्यावर लावू शकतात आणि कुणाची कुठली ते ओळखता यायला हवं. त्या चिपेवर किंमत छापलेली नसते. कॅसिनोचं नाव, टेबलाचं अक्षर किंवा खूण, बस. किंमत बसताना ठरते: तुम्ही म्हणालात एकेक डॉलरची, तर डीलर त्या रंगाची एक चिप चाकाच्या कडेला ठेवून वर छोटी खूण लावतो. उठताना रंग परत करायचा आणि किमतीच्या चिपा घेऊन जायचं. तुमच्या उपयोगाचं यात काय, तर बऱ्याचदा कारखाना तोच, छापा तोच, व्यास तोच ३९ मिलिमीटर, वजन जवळजवळ तेच. तुमच्या डॉलरच्या चिपांवर ठेवली की रास सरळ उभी राहते. आणि किंमत छापलेली नसल्यामुळे ती तुम्ही म्हणाल तितक्याची. तुम्ही म्हणा पाव डॉलर.

संग्राहक या चिपांकडे फारसे वळत नाहीत. आकडा नाही म्हणजे मिरवायला काही नाही. त्यामुळे भाव खाली राहतो आणि माल एकरकमी शंभरात मिळतो. मी काही वर्षांपूर्वी घेतल्या तेव्हा शंभर चिपांना टपालासकट ११० डॉलर पडले होते. आजचा भाव तुम्ही बघा, पण तीनशे साठाच्या गावाला जाऊ नका.

'पण त्या माझ्या कॅसिनोच्या नसतील,' हे तुम्ही म्हणणार हे मला इथूनच ऐकू येतंय. नसू द्यात. जमवणं आणि खेळणं हे दोन वेगळे छंद आहेत आणि त्यांचा स्वभाव एकमेकांशी जुळत नाही. जमवणाऱ्याला सगळं एका जागचं हवं असतं. खेळवणाऱ्याला मध्यरात्री, दिवा मंद असताना, तिसऱ्या बिअरनंतरही कळायला हवं असतं की समोर कितीची चिप पडली. तुम्ही दोन वर्षं जमवणाऱ्याचं ऐकत आलात आणि आठ जण नाण्यांनी खेळत राहिले.

रंगाबद्दल मात्र माझी फजिती ऐका, म्हणजे तुमची वाचेल. मी पहिल्यांदा रूलेटच्या घेतल्या त्या फिकट, पीच म्हणतात तशा रंगाच्या. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून पाहिल्या, डॉलरच्या पांढऱ्या चिपांशेजारी छान वेगळ्या दिसत होत्या. शनिवारी रात्री बेसमेंटमधल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही दुधात हळद घातल्यासारख्या. आमच्या शेजारच्या काकांनी पावल्या समजून चार डॉलर टाकले, समोरच्याने ते खरं मानून वाढवलं, आणि पुढची दहा मिनिटं खेळ बाजूला राहून न्यायालय भरलं. त्या चिपा मी नंतर तोट्यात विकल्या. तेव्हा नमुन्याच्या दोन चिपा आधी मागवा आणि ज्या दिव्याखाली खेळता त्याच दिव्याखाली पाहा. नुसत्या वरून पाहू नका. दहा-बारा मिसळून रास करा, खुर्चीत मागे टेकून कडेने बघा. समोरच्याची रास आपल्याला कडेनेच दिसते. त्या राशीत पावली कुठे संपते आणि डॉलर कुठे सुरू होतो हे चटकन कळलं पाहिजे.

न्यू जर्सीत चिपांचे रंग नियमानेच ठरलेले आहेत: १ डॉलर पांढरी, ५ लाल, २५ हिरवी, १०० काळी. नेवाडातही साधारण हीच रीत. कॅलिफोर्नियातल्या पत्त्यांच्या क्लबांत डॉलर निळा आणि पाच पिवळी दिसते, पण तुमच्या मित्रांचे डोळे अटलांटिक सिटीत तयार झालेत. त्यामुळे पांढरा, लाल, हिरवा आणि काळा वगळा. पिवळी घेतलीत तर पुढे २० डॉलरची पिवळी घेऊ नका. मी स्वतः गडद जांभळट घेतली. ५०० डॉलरचा रंगही जांभळाच, पण आमच्या टेबलावर ५०० ची चिप यायला आणखी एक जन्म लागेल.

विकत घेताना दोन-तीन गोष्टी. विक्रेता वजनावरून चिपेची थोरवी सांगू लागला की कान बंद करा. दुकानात ११.५ किंवा १४ ग्रॅमच्या 'क्ले कंपोझिट' म्हणून ज्या मिळतात, त्यांच्या पोटात बहुधा लोखंडाची चकती आणि वर प्लास्टिक असतं. खऱ्या कॅसिनोची क्ले चिप त्याहून हलकी, साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमची. तिचा आवाजही वेगळा, भाकरीच्या तव्यावर तवा आपटल्यासारखा नव्हे, बुद्धिबळाची दोन लाकडी मोहरी एकमेकांवर ठेवल्यासारखा. आणि ते 'क्ले'सुद्धा कुंभाराच्या मातीसारखं नसतं. मिश्रण काय आहे ते प्रत्येक कारखाना गुलदस्त्यात ठेवतो. एकदम रॅक घेऊ नका, आधी बॅरल मागवा, म्हणजे वीस चिपांची एक रास. काचेच्या टेबलावर एकेक ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर ती पोटात फुगलेली आहे, राशीत डुगडुगणार. कडेचे बारीक टवके चालतात, वापरलेल्या चिपेला ते असायचेच. वीसपैकी चारपेक्षा जास्त फिरल्या तर बाकीच्या मागवू नका.

आणि चालू असलेल्या कॅसिनोच्या चिपा घरच्या खेळात आणू नका, एक डॉलरच्याही नाहीत. उद्या एखादा पाहुणा तीच चिप खिशात घेऊन आला तर तुमच्या बँकेला, म्हणजे चिपांचे पैसे ठेवता त्या गल्ल्याला, रात्री हिशेबापेक्षा जास्त पैसे द्यावे लागतील. आपल्याकडे सगळे ओळखीचेच असतात हो, पण ओळखीच्या माणसाला मोह पडेल अशी सोय आपण का करावी?

रूलेटच्या जुन्या चिपा हातात येतील तेव्हा कळकट असतील. हजारो अनोळखी बोटांचा मळ असतो तो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, एकेक चिप घासायची आणि लगेच धुऊन टॉवेलवर आडवी टाकायची. बादलीत रात्रभर भिजवू नका, मधला छापील कागद सुटायला लागतो. डिशवॉशरचा विचारही करू नका. वाळल्यावर फडक्याला मिनरल ऑइलचा एक थेंब लावून पुसलं की रंग असा उघडतो की वहिनीही एकदा म्हणतील, 'बरी दिसते.' शंभर चिपांना माझा एक रविवार जातो आणि दोन जुन्या नाटकांच्या ध्वनिफिती ऐकून होतात. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका. पंधरा दिवसांत टेबलाला खवट वास येतो, आणि हे मला कसं माहीत ते विचारू नका. चिवडा आणि वेफर्स टेबलापासून लांब ठेवा, किंवा वाटीत चमचा द्या. तिखट-मिठाची बोटं चिपेला लागली की कडेच्या नक्षीत बसतात आणि निघत नाहीत.

हौस म्हणून एक सुचवते. रूलेटच्या चिपेच्या मधल्या गोलाएवढं लेबल छापून चिकटवता येतं. कट्टर संग्राहक याला चिपेचा खून म्हणतात, आणि दुर्मिळ चिपेच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूने आहे. पण ज्या रूलेट चिपा पोत्याने मिळतात त्यांच्यावर काय लावायचं हा तुमचा प्रश्न. माझ्या शंभर चिपांवर देवनागरीत 'पावली' छापलंय. २५ पैशाचं नाणं भारतात ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, त्यामुळे आमच्या मुलांना पावली हा शब्द माहीत आहे तो फक्त या टेबलावरून. आमच्या लहानपणी सांगलीला सुट्टीत रमी चालायची तेव्हा चिंचोके असायचे. एक फोडलेला चिंचोका म्हणजे अर्धा पैसा, आणि आजी शेवटी सगळे मोजून डब्यात परत घ्यायची. त्या डब्यातही सगळ्यात आधी संपायचे ते फोडलेलेच.

नाण्यांबद्दल. क्वार्टरची नाणी वाईट नाहीत, पण त्यांचा व्यास २४ मिलिमीटर आणि चिपेचा ३९. राशीत बसत नाहीत, चिपांखाली सरकतात, आणि पॉट ओढताना हमखास दोन खाली पडून सोफ्याखाली जातात. शिवाय ते खरे पैसे. टेबलावर खरे पैसे आणि चिपा दोन्ही असले की कुणीतरी पिझ्झावाल्याला टिप म्हणून पॉटमधले क्वार्टर देतो, आणि रात्री बँक दोन डॉलरने बसत नाही.

पिझ्झावरून आठवलं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. खाण्यापिण्याचे पैसे पॉटमधून काढत असाल तर आजपासून बंद करा. मित्रांनी समान अटींवर आपापसात खेळणं न्यू जर्सीच्या कायद्यात गुन्हा धरलेलं नाही. मामला बदलतो तो यजमानाने डावातून हिस्सा काढला की. आपल्याकडे अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात, इथे रेक. दोन डॉलर पिझ्झासाठी का असेना, पॉटमधून निघाले की दिसतात नालेसारखेच. कॅलिफोर्नियात गार्डिनाचे पत्त्यांचे क्लब १९३० च्या दशकात सुरू झाले, त्यांनीही पॉटला हात न लावता दर अर्ध्या तासाला खुर्चीचं भाडं घेण्याची रीत पाळली. तुम्ही भाडंही घेऊ नका. येताना प्रत्येकाने पाच डॉलर वाटीत टाकावे, वाटी स्वयंपाकघरात, टेबलावर नाही.

तेव्हा तुमची यादी लहान आहे. रूलेटच्या १०० चिपा, आधी दोन नमुने, मग बॅरल, मग उरलेल्या. तुमच्या २५ डॉलरच्या शंभरातल्या साठ-सत्तर विकायला काढा, रूलेटचा खर्च त्यातून निघून वर काही उरेल. त्या बंद कॅसिनोची एखादी सुटी पावली कधी दिसली तर ती एक जरूर घ्या. सहा काय, आठ डॉलर द्या. ती खेळायला नका काढू. हातातल्या दोन पत्त्यांवर ठेवायला घ्या, डीलरने चुकून ओढू नयेत म्हणून ठेवतात तशी. मित्र विचारतील ही कुठली, आणि मग तुम्हाला दोन वर्षांची कहाणी सांगता येईल.

वहिनींची बरणी शनिवारच्या आत परत करा. आधी मोजून घ्या, सोफ्याखालचीही धरून.